मुंबईतल्या आपद्‌ग्रस्तांसाठी तात्पुरती घरे: आराखड्याची सुरुवात कुठून करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: विभागातल्या काही धोकादायक चाळी आणि टेकडीच्या उतारावरची एक वस्ती मिळून साधारण २५० कुटुंबे पावसाळ्यात हलवावी लागतील; जवळच दोन एकरांचे मैदान मिळण्यासारखे आहे; पुरवठादार दीड महिन्यात कंटेनरची घरे उभी करून द्यायला तयार आहेत; तर त्या मैदानावर कंटेनर मांडून काम भागेल का, आणि भागणार नसेल तर आराखडा कसा करावा. इमारत कोसळल्यानंतरची, आगीनंतरची आणि दरड कोसळल्यानंतरची तात्पुरती निवाऱ्याची कामे मी वास्तुरचनाकार म्हणून वीसहून अधिक वर्षे केली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो की कंटेनर घ्यावेत की नाही हा या कामातला शेवटचा निर्णय आहे. ही माणसे कुठून येणार, कुठे परत जाणार आणि त्या परतीची हमी कोण देणार, हे आधी कागदावर आले पाहिजे. तात्पुरत्या घराचा पहिला नकाशा हा परतीचा नकाशा असतो, आणि तो तयार नसेल तर खोली कितीही चांगली बांधली तरी लोक तिच्यात यायला तयार होत नाहीत.

महापालिका आपल्या कायद्यातल्या कलम ३५४ खाली धोकादायक इमारतीला नोटीस लावते, इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, पाडण्याजोग्या प्रवर्गात जाते, वीज-पाणी तोडण्यापर्यंत वेळ येते, तरी लोक हलत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो, पण त्यामागची भीती अगदी साधी आहे: ताबा सुटला की हक्क सुटला. ही भीती निराधार नाही. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारतींमधून म्हाडा या सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या संक्रमण शिबिरांत, म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्यांत गेलेल्या कित्येक कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या तिथेच वाढल्या. मूळ इमारतीची जागा अरुंद होती, रस्तारुंदीत गेली किंवा आरक्षणात अडकली, म्हणून पुनर्बांधणी झाली नाही. मग बृहतसूचीत, म्हणजे ज्यांची इमारत पुन्हा बांधता येत नाही अशांना कायमचे घर देण्यासाठीच्या यादीत, नाव लागण्याची वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती उरले. आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत ‘कायमस्वरूपी संक्रमण शिबिर’ असा प्रकारच नमूद आहे, आणि ज्याला घर सोडायचे आहे त्याच्या कानावर हे दोन शब्द एकत्र पडले की तो काय समजायचे ते समजतो.

मध्य मुंबईतली एक चार मजली चाळ जूनमधल्या एका संध्याकाळी रिकामी होत होती, त्या वेळी मी तिथे होतो. टेम्पोत सामान चढत होते. सत्तरीच्या एक बाई जिन्यावरून उतरल्या; हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात भाडेपावत्यांचा गठ्ठा, रेशनकार्ड आणि लाइटची बिले. शिबिरातल्या खोल्यांची यादी घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याला त्या म्हणाल्या, “खोली कुठे देताय ते मागाहून सांगा. वरची दहा नंबरची खोली माझी आहे, हे लिहून कोण देणार?” त्या यादीत कुटुंबप्रमुखाचे नाव आणि माणसांची संख्या, एवढे दोनच रकाने होते. त्या रात्री आम्ही तिघांनी टेप घेऊन, बॅटरीच्या उजेडात, पोटमाळ्यांसकट एकूण एक खोली मोजली आणि वहीत उतरवली. इमारत पुढे पाडली गेली, आणि कोणाची खोली किती होती हा वाद आला तेव्हा ती वहीच कामी आली.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की प्रत्येक कुटुंबासाठी एक पान तयार करा: जुना खोली क्रमांक, मजला, मोजलेले क्षेत्रफळ, भाडेपावतीची प्रत, दारात उभ्या असलेल्या कुटुंबाचे छायाचित्र, नवरा-बायको दोघांची नावे, आणि पोटभाडेकरू असेल तर त्याचीही नोंद. उतारावरच्या वस्तीत पावती नसते. तिथे लाइटचे बिल, मतदार यादीतले नाव आणि शेजाऱ्यांच्या साक्षीने केलेला पंचनामा धरावा. त्या पानावर विभाग कार्यालयाचा शिक्का आणि मालकाची सही घेऊन प्रत त्याच दिवशी कुटुंबाच्या हाती द्यावी. तात्पुरत्या खोलीच्या दारावर नव्या क्रमांकाखाली जुन्या खोलीचा क्रमांकही लिहावा. ही छोटी गोष्ट दिसते, पण शिबिरातल्या खोल्या पुढे तोंडी व्यवहारात विकल्या जातात आणि मूळ भाडेकरू कोण, घुसखोर कोण, हे वीस वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही; त्या गोंधळाला या दोन क्रमांकांनी बऱ्यापैकी आळा बसतो.

दुसरी गोष्ट अंतराची. ज्या कुटुंबातली बाई सकाळी सात ते अकरा चार घरची धुणीभांडी करते आणि मुलगा पालिकेच्या शाळेत जातो, त्या कुटुंबाला पंधरा किलोमीटरवरची मोठी खोली परवडत नाही. ती खोली घेतली तर काम जाते, आणि काम टिकवले तर ती खोली बंद राहते किंवा परस्पर भाड्याने दिली जाते. मेक्सिको सिटीचे उदाहरण मुंबईने नीट अभ्यासावे असे मला नेहमी वाटते. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात तिथल्या मध्यवस्तीतल्या भाड्याच्या जुन्या इमारती पडल्या. एका चौकाभोवती एकेक खोलीची बिऱ्हाडे, सामाईक नळ आणि संडास, दशकानुदशके गोठलेली भाडी. म्हणजे जवळपास आपली चाळच. रहिवाशांनी शहराबाहेर जायला संघटितपणे नकार दिला. सरकारने त्या जागा संपादित केल्या, पत्र्याच्या शेड त्याच गल्ल्यांमध्ये आणि जवळपासच्या मोकळ्या जागांवर उभारल्या, आणि चाळीस हजारांहून अधिक घरे सुमारे दोन वर्षांत बहुतांश मूळ ठिकाणीच बांधून दिली. त्या शेड काही चांगल्या नव्हत्या. उन्हात तापत, पावसात गळत. तरी लोक टिकून राहिले, कारण समोरच त्यांच्या घराचे बांधकाम रोज दिसत होते. मुंबईसाठी मी चालत वीस-पंचवीस मिनिटे किंवा बसने एकच टप्पा, ही मर्यादा धरतो.

आता मैदानाचे गणित करू. मानवतावादी मदतीसाठी जगभर वापरली जाणारी स्फियर मानके माणशी किमान ३.५ चौरस मीटर छताखालची जागा आणि रस्ते, संडास, मोकळी जागा धरून वस्तीसाठी माणशी ४५ चौरस मीटर जमीन सांगतात. आपली २५० कुटुंबे म्हणजे सुमारे १,२५० माणसे. त्यांना या हिशेबाने ५६,२५० चौरस मीटर, म्हणजे जवळपास चौदा एकर जमीन लागेल. आपल्याकडे दोन एकर, म्हणजे ८,१०० चौरस मीटरांच्या आत आहे. बैठ्या घरांचा विचार इथेच संपतो. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्या कुटुंबांना खाली चौक गावाजवळ कंटेनरमध्ये एकत्र ठेवता आले, कारण तिथे जमीन होती. मुंबईत ती नाही, आणि शाळांचाही भरवसा धरू नये. आपल्याकडची आपत्ती बहुधा जून-जुलैत येते आणि शाळाही जूनच्या मध्यालाच उघडतात. शाळेचे वर्ग चार-आठ दिवसांसाठी ठीक, पुढे मुलांची शाळाच बुडते.

म्हणून तळमजला अधिक दोन मजले बांधा, पण सगळ्या २५० कुटुंबांना त्या एका मैदानात कोंबू नका. २२५ चौरस फुटांची खोली, तिच्या वाट्याला येणारी गॅलरी, जिना आणि संडास धरून एका कुटुंबामागे साधारण ३० चौरस मीटर बांधकाम होते. १५० कुटुंबांसाठी ४,५०० चौरस मीटर, आणि तीन मजल्यांवर वाटले तर जमिनीवर १,५०० चौरस मीटर. म्हणजे मैदानाचा पाचवा हिस्साही झाकला जात नाही आणि अग्निशमनाची गाडी, टँकर आणि मुलांचे खेळणे या तिन्हींना जागा राहते. उरलेल्या शंभर कुटुंबांसाठी त्याच विभागातले रिकामे गाळे आणि सरकारने भाडे भरून घेतलेल्या खोल्या पाहा. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर अशी खासगी भाड्याची घरे फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. त्यात एक उणीव मात्र राहते: विखुरलेल्या कुटुंबांपर्यंत मदत आणि बातमी उशिरा पोहोचते. त्यामुळे म्हाताऱ्या, एकट्या आणि आजारी माणसांना मैदानावरच, तळमजल्यावर ठेवावे.

कंटेनरचा विचार आता करता येतो. वीस फुटी कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर आणि उंची २.३९ मीटर असते, क्षेत्रफळ जेमतेम १५० चौरस फूट. या उंचीत पंखा लावला तर खाली सात फूटही उरत नाहीत, आणि पोटमाळ्याचा विषयच संपतो. मुंबईकर कुटुंबाचा निम्मा संसार पोटमाळ्यावर असतो: गाद्या, पिंपे, गणपतीची मखर, मुलांची वह्या-पुस्तके. तो नसेल तर तेच सामान गॅलरीत येते आणि आगीच्या वेळी वाट बंद होते. कंटेनरचा सारा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो, म्हणून एकावर एक रचणे सोपे. पण खिडकी-दारासाठी बाजूचा पन्हाळी पत्रा कापला की त्याची ताकद घटते आणि चौकट पुन्हा मजबूत करावी लागते. पुरवठादाराच्या दरपत्रकात हा खर्च बहुधा नसतो. कंटेनर वापरायचेच असतील तर जपानमधल्या ओनागावा इथे २०११ साली वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी ते कसे वापरले ते पाहावे. सपाट जमीन नव्हती म्हणून बेसबॉलच्या मैदानावर तीन मजली रचना केली, आणि कंटेनर बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक ठेवून मधल्या मोकळ्या जागांत हवेशीर खोल्या काढल्या. तिथे १८९ कुटुंबे राहिली. आपल्या हवामानात मात्र मी बोल्टने जोडलेला पोलादी सांगाडा आणि त्यात बसवलेल्या भिंती हाच पर्याय सुचवीन, खोलीची उंची किमान सव्वानऊ फूट धरून. भिंतींच्या पॅनेलमध्ये थर्माकोल नको. स्वस्त पडतो, पण आगीत वितळून ठिबकतो. रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर भरलेले पॅनेल मागवा आणि तशी लेखी अट घाला. गॅसचा सिलिंडर खोलीबाहेर, गॅलरीकडच्या भिंतीत जाळीच्या कपाटात.

मोरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरून आलेले तयार नमुने हमखास इथे चुकतात. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून प्रत्येक घरात दोनशे लिटरचे पिंप असते, आणि ते मोरीच्या कडेला, एकाच कोपऱ्यात, भरून उभे असते. राहत्या खोलीची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून आखतात. पिंपाचा तळ जेमतेम पाव चौरस मीटर. म्हणजे त्या एका जागी चौरस मीटरला साडेसातशे किलोंहून अधिक भार पडतो. एका कामात आम्ही वरच्या मजल्यांवर सिमेंट बोर्डाची जमीन दिली होती. तिसऱ्या महिन्यात एका खोलीत पिंपाखालचा बोर्ड बोटभर खचला. मोरीचे पाणी उताराकडे जायचे सोडून भिंतीकडे वळले आणि खालच्या घराच्या छतावर डाग उमटला. त्या घरातल्या बाईने डागाखाली तसराळे ठेवले होते, आणि तक्रार करायला ती दोन महिने कचरली, कारण तक्रार केली तर खोली काढून घेतील असे तिला वाटले होते. तेव्हापासून मी मोरीखाली दोन जादा तुळया देतो, मोरी तीन फूट बाय चार फुटांची ठेवतो, तिला नऊ इंच उंच कठडा घालतो आणि सगळ्या मजल्यांच्या मोऱ्या एकाखाली एक आणतो, म्हणजे पाण्याचा नळ सरळ उतरतो आणि गळती कुठे आहे ते लगेच कळते. मोरीला पडदा नको, आतून कडी लागणारे दार हवे. एका खोलीत सासरा, दीर आणि सून राहतात तिथे ही कडी किती मोलाची असते, हे त्या घरातल्या बाईला विचारावे.

संडास चार कुटुंबांमागे एक, त्याला कुलूप, आणि किल्ली त्याच चार घरांकडे. १५० कुटुंबांना अडतीस संडास होतात, आणि योगायोगाने स्फियरच्या वीस माणसांमागे एक या मानकाशीही ते जुळते. सर्वांसाठी खुले ठेवलेले संडास महिन्याभरात घाण होतात. किल्लीचे संडास लोक स्वतः धुतात, हे मी वारंवार पाहिले आहे. ते प्रत्येक मजल्यावर हवेत, मैदानाच्या टोकाला नकोत, नाहीतर रात्री बायका आणि मुली पाणी पिणेच कमी करतात. सेप्टिक टँकच्या भानगडीत पडू नका. जुलैत जमिनीतले पाणी वर येते आणि टँक तुंबतो. रस्त्यातल्या मलनिस्सारण वाहिनीची पातळी आधी तपासा. पाण्याचेही तसेच. माणशी १५ लिटर हे जीव तगवण्याचे मानक आहे आणि ते दहा हजार लिटरच्या एका टँकरवर जवळजवळ भागते. पण शहरासाठी आपल्याकडे धरले जाणारे माणशी १३५ लिटर द्यायचे तर ७५० माणसांना दिवसाला लाखभर लिटर, म्हणजे दहा टँकर लागतील. काही महिन्यांहून जास्त मुक्काम असेल तर नळजोडणीला पर्याय नाही.

पाऊस आणि वारा यांबाबत कुठलीही सवलत घेऊ नका. वाऱ्याच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, आणि पाच वर्षांच्या तात्पुरत्या बांधकामासाठी तो भार कमी धरण्याची मुभाही आहे. मी ती कधीच घेत नाही, कारण मुंबईतले तात्पुरते बांधकाम पाच वर्षांत उतरते असा माझा अनुभव नाही. मैदान खणायचे नसल्याने काँक्रीटच्या तयार ठोकळ्यांवर सांगाडा बसवावा लागेल, आणि मग वाऱ्याने छत वर उचलले जाण्याचा हिशेब ठोकळ्यांच्या वजनाशी लावावा लागेल. गॅलरी पूर्वेकडे घ्या, पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंतींना छोट्या खिडक्या आणि खोल छज्जे द्या. छत दुहेरी हवे, मध्ये वारा फिरेल इतकी पोकळी ठेवून, म्हणजे मे महिन्यात वरचा मजला राहण्याजोगा राहील. गॅलरी पाच फुटांहून अरुंद नको, कारण जुलैत तीन-तीन दिवस कपडे वाळत नाहीत आणि ते तिथेच टांगले जाणार. जोत्याची उंची ठरवण्याआधी आजूबाजूच्या जुन्या दुकानदारांना भेटा आणि २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, पाणी भिंतीवर कुठपर्यंत चढले होते ते दाखवायला सांगा. आपल्याकडची बरीच मैदाने सखल आहेत आणि पावसाचे पाणी तीच धरून ठेवतात.

खोल्यांचे वाटप सोडतीने करू नका, हे मी आग्रहाने सांगतो. सोडत न्याय्य वाटते आणि मुंबईत तिची सवयही आहे. जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर जपानमधल्या कोबे शहरासह ह्योगो प्रांतात सुमारे ४८,३०० तात्पुरती घरे बांधली; बरीच शहराच्या कडेला आणि भराव घातलेल्या बेटांवर. वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य देऊन सोडत काढली. हेतू चांगला होता, पण परिणाम असा झाला की ओळखीचे शेजारी तुटले आणि एकाकी म्हातारी माणसे अनोळखी रांगांमध्ये एकत्र आली. त्या घरांमध्ये दोनशेहून अधिक माणसे कोणाच्या नकळत मरण पावली. चाळीत तसे सहसा होत नाही, कारण सकाळी दूधवाला येऊन गेला आणि दार उघडले नाही तर शेजारीण कडी वाजवते. म्हणून चाळ उचलावी तशी मजल्यासकट उचला: पहिल्या मजल्यावरचे शेजारी नव्या जागीही शेजारीच राहावेत, दारे एकाच गॅलरीत उघडावीत, आणि उतारावरच्या वस्तीतल्या गल्लीलाही तसाच एक मजला मिळावा. तीस-चाळीस कुटुंबांमागे एक मोकळी खोली ठेवा. तिथे अंगणवाडी चालेल, संध्याकाळी बैठक होईल, आणि शिवणकाम किंवा पापड करणाऱ्या बायकांना दुपारी बसायला जागा मिळेल.

राहिला मुदतीचा प्रश्न. सामान दहा वर्षे टिकेल असे घ्या, परवानगी दोन वर्षांची घ्या, आणि दर सहा महिन्यांनी मूळ जागेवरचे काम कुठवर आले याचा फलक मैदानाच्या दारात लावा. मैदान परत मिळण्याची तारीख आसपासच्या रहिवाशांनाही लेखी द्या. ते विरोध करतील, आणि त्यांचा विरोध गैर नाही, कारण फाळणीनंतर निर्वासितांसाठी वापरलेल्या कल्याणजवळच्या लष्करी बराकींचे उल्हासनगर झाले आणि तिथले पत्ते आजही कॅम्प क्रमांकानेच सांगितले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९०६ च्या भूकंपानंतर उद्यानांत ५,६१० लाकडी खोपटी बांधली होती. ती राहणाऱ्यांना स्वतःच्या किंवा भाड्याच्या जमिनीवर ओढून नेता येत होती, म्हणून उद्याने मोकळी झाली. आपल्याकडे खोली ओढून नेता येणार नाही, पण वेल्डिंगऐवजी बोल्ट वापरले, प्रत्येक तुळईवर आणि पॅनेलवर क्रमांक घातला आणि उतरवण्याचा खर्च पहिल्याच निविदेत धरला, तर तोच सांगाडा पुढच्या विभागात उभा राहू शकतो.

येत्या आठवड्यात आपण एवढे करावे: तीन-चार तरुण रहिवासी, एक टेप आणि जाड पुठ्ठ्याची वही घेऊन त्या चाळींमध्ये आणि उतारावरच्या वस्तीत खोली-खोली फिरावे, आणि प्रत्येक दारात कोण काम कुठे करते, मूल कोणत्या शाळेत आहे आणि शेजारी कोण हवा, हेही विचारून घ्यावे. ती वही आणि मैदानाच्या पातळ्या मला पाठवल्यात तर मांडणीचा पहिला नकाशा मी काढून देईन. कंटेनरचे दर त्यानंतर मागवू.